रात्री साडेतीनला गेलेली किस्तीची आठवण: महालातल्या एका पतसंस्थेच्या मेल सर्व्हरचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका रात्री ३ वाजून ३० मिनिटांनी नागपूरच्या महाल भागातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या सर्व्हरने कर्जदार सभासदांना किस्तीची आठवण देणारे मेल पाठवले. सकाळी नऊनंतर तेच मेल पुन्हा एकदा गेले. दुसऱ्या खेपेतले बरेच मेल दुपारी पोचले, काही तर दिवेलागणीला. तोवर ज्यांनी खिडकीवर येऊन पैसे भरले होते, पावती खिशात होती, त्यांनाही 'आपली किस्त बाकी आहे' असं वाचावं लागलं. दुसऱ्या दिवशी एक वयस्क सभासद कार्यालयात येऊन म्हणाले, "रात्री साडेतीनला किस्त मागून राहिले तुम्ही, आम्ही का पळून जाऊन राहिलो का?" त्यांची एकही किस्त आजवर चुकली नव्हती. पतसंस्था चालते ती अशाच माणसांच्या भरवशावर, म्हणून हे प्रकरण मुळापर्यंत शोधणं गरजेचं होतं.

संस्थेचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. मांडायचं आहे ते एवढंच की या सगळ्यात कुठलाही भाग बिघडलेला नव्हता. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा क्रॉन, मेल पाठवणारा पोस्टफिक्स, घड्याळ, जीमेल, प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे काम केलं. गडबड झाली ती या समजुतीने की क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, वेळ लिहिली की मेलचं वेळापत्रक झालं. क्रॉनला घड्याळ कळतं. मेल कुणाला गेला, कुणाचा राहिला, ज्याला जातोय त्याने सकाळीच पैसे भरलेत का, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं.

व्यवस्था

मुख्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक टॉवर मशीन, त्यावर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, मेलसाठी पोस्टफिक्स. स्थिर आयपी पत्त्याची (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची) लाइन घेतलेली. पायथन या भाषेत लिहिलेली एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) खात्यांच्या डेटाबेसमधून यादी काढते, प्रत्येक सभासदाचा मेल तयार करते आणि पोस्टफिक्सच्या 'सेंडमेल' आज्ञेच्या हाती देते. किस्तीच्या तीन दिवस आधी आठवण, मुदत ठेव पुरी होण्याआधी सूचना, महिनाअखेरीला खातेउतारा, आणि इतवारी, सक्करदरा या शाखांच्या व्यवस्थापकांना संध्याकाळी दिवसाच्या वसुलीचा गोषवारा, एवढी चार कामं.

क्रॉनटॅबमधली ओळ सगळ्यांच्या परिचयाची: मिनिट, तास, तारीख, महिना, वार, आणि पुढे चालवायची आज्ञा. किस्तीच्या ओळीत मिनिट ३० आणि तास ३ लिहिलेला होता. मेल मात्र रोज सकाळी बरोबर ९ वाजता जात होते.

याचं कारण मशीन पहिल्यांदा उभं केलं तेव्हाचं. इन्स्टॉल करताना टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, राहिला होता. ९ वाजताची ओळ लिहिली तर मेल दुपारी अडीचला जायचे. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे 'साडेपाच तासांनी उशीर' अशी तक्रार आली की पहिलं बोट टाइमझोनकडेच जायला हवं. तेव्हा कुणीतरी घड्याळ दुरुस्त न करता ओळ दुरुस्त केली: ९ चे साडेतीन केले. हिशोब जुळला आणि विषय मिटला. ओळीच्या वर एक शेरा लिहिला असता, 'ही वेळ यूटीसी आहे', तर पुढचं सगळं टळण्याची शक्यता होती.

योग्य दुरुस्ती, पण अर्धी

एप्रिलमध्ये हिशेब तपासणीच्या वेळी एक अडचण निघाली. व्हाउचरवरची वेळ आणि सर्व्हरच्या लॉगमधली (नोंदवहीतली) वेळ जुळत नव्हती. संगणक सांभाळणाऱ्या तरुणाने टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केला. तारीख पाहणारी आज्ञा दिली, पडद्यावर नागपूरची वेळ आली, काम झालं असं सगळ्यांना वाटलं. तसं वाटणं चूकही नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी मेल ९ वाजताच गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. क्रॉन हा सतत चालू असलेला कार्यक्रम आहे. टाइमझोनची फाइल तो सुरू होताना एकदा वाचतो आणि ती स्मरणात धरून बसतो. फाइल नंतर बदलली तरी चालू असलेल्या क्रॉनला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे मशीनचा टाइमझोन भारतीय झाला, क्रॉन मात्र यूटीसीतच राहिला आणि त्याच्या साडेतीनला, आपल्या नऊला, मेल पाठवत राहिला. नव्याने सुरू होणारा प्रत्येक कार्यक्रम, त्यात ती पायथन स्क्रिप्टही आली, भारतीय वेळ वाचत होता. एकाच मशीनवर दोन घड्याळं नांदत होती आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसत होतं.

टाइमझोन बदलल्यावर क्रॉन पुन्हा सुरू करायचा, त्याच्या ओळी पुन्हा वाचायच्या, आणि पोस्टफिक्सही पुन्हा सुरू करायचा, हा नियम म्हणूनच पाळावा. पोस्टफिक्सचं नाव मुद्दाम घेतलं. डेबियनमध्ये त्याचे बरेच भाग स्वतःच्या बंदिस्त डिरेक्टरीत चालतात आणि तिथे टाइमझोन फाइलची वेगळी प्रत असते. ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना ताजी होते.

मग मे आला. नागपूरच्या मेमध्ये रात्रीसुद्धा कूलर बंद करता येत नाही, आणि भार वाढला की वीज जाते. त्या रात्री एकच्या सुमारास महालात वीज गेली, यूपीएस उतरला, मशीन बंद पडलं. वीज परत आली तेव्हा मशीन आपोआप चालू झालं, तशी सेटिंग केलेलीच होती. क्रॉन नव्याने उठला, त्याने टाइमझोन वाचला आणि आता त्याच्यासाठी ३:३० म्हणजे खरोखरच पहाटेचे साडेतीन होते. वीज गेली नसती तरी एखाद्या अपडेटनंतर क्रॉन पुन्हा सुरू झाला असता आणि हेच घडलं असतं.

दुसरी खेप

लेखापाल ताई रोज सकाळी ९ वाजता स्वतःच्या मेलमध्ये एक सारांश पाहतात: आज किती जणांना आठवण गेली. त्या दिवशी नऊला काही आलं नाही. सारांश पहाटेच येऊन इतर मेलच्या खाली गेला होता. त्यांनी संगणकवाल्या मुलाला फोन लावला, "भाऊ, आज किस्तीचे मेल गेलेच नाही वाटते." तो रस्त्यात होता. त्याने मोबाइलवरून सर्व्हरला जोडून स्क्रिप्ट हाताने चालवली. स्क्रिप्टने यादी काढली, यादी पहाटेचीच होती, आणि पहाटे काय झालं याची नोंद कुठेही नसल्याने सगळ्यांना दुसऱ्यांदा मेल तयार झाले.

ताईंनी किंवा त्या मुलाने काही वावगं केलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर जी माहिती होती तिच्यावरून कोणीही हेच केलं असतं. मेल गेले की नाही हे माणसाला इनबॉक्स चाळून ओळखावं लागत असेल तर उणीव व्यवस्थेतच आहे.

मग जीमेल आडवा आला. सभासदांचे बहुतेक पत्ते जीमेलचे. एका छोट्या सर्व्हरकडून काही तासांत त्याच मजकुराची दुसरी लाट आली, आणि पहाटेच्या मेलवर चिडलेल्या काही जणांनी 'स्पॅम' दाबलंही असणार. जीमेलने ४२१ हा उत्तर-क्रमांक देऊन कळवलं की सध्या घेत नाही, नंतर या. मेलच्या जगात ४ ने सुरू होणारं उत्तर तात्पुरतं आणि ५ ने सुरू होणारं कायमचं. तात्पुरत्या नकारावर पोस्टफिक्स मेल फेकत नाही, मागच्या रांगेत ठेवतो. मूळ सेटिंगप्रमाणे रांग दर ३०० सेकंदांनी तपासली जाते, पण प्रत्येक मेलचा पुढचा प्रयत्न लांबत जातो, कमाल ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांपर्यंत. आणि हे प्रयत्न ५ दिवस चालू राहतात.

पाच दिवस! किस्तीची आठवण तीन दिवस आधी जाते. म्हणजे सर्व्हरच्या मूळ सेटिंगनुसार 'किस्त तीन दिवसांनी आहे' हा मेल किस्तीची तारीख उलटून गेल्यावरही पोचू शकतो, आणि सर्व्हर ते यश मानेल. वैयक्तिक पत्रासाठी पाच दिवसांची चिकाटी चांगली आहे. आठवणीला मात्र मुदत असते.

त्या दिवशी अकराला खिडकीवर पैसे भरलेल्यांना चारला 'बाकी आहे' असा मेल मिळाला तो यामुळेच. मजकूर सकाळीच गोठलेला होता. रांगेत पडलेल्या मेलला खिडकीवर काय झालं ते कळण्याची सोय नसते. दुपारीच रांगेची यादी काढून दुसऱ्या खेपेचे उरलेले मेल पुसून टाकायला हवे होते; पोस्टफिक्समध्ये त्यासाठी 'पोस्टक्यू' आणि 'पोस्टसुपर' या आज्ञा आहेत. ते संध्याकाळी झालं.

माफीचा मेल पाठवावा की नाही यावर चर्चा झाली. सचिव साहेबांनी नको म्हटलं आणि ते बरोबरच होतं: एकाच दिवसात तिसरा मेल नको. फलकावर सूचना लावली, खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगितलं.

पुरावा कुठे सापडला

सर्व्हरचा जुन्या पद्धतीचा मेल लॉग वेळ लिहितो, पण ती कुठल्या टाइमझोनची ते लिहीत नाही. त्यामुळे लॉगमधला 'साडेतीन' एप्रिलमध्येही साडेतीन आणि मेमध्येही साडेतीनच दिसत होता. उलगडा झाला तो सभासदाच्या मोबाइलवर, मेलच्या मूळ हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या त्याच्या प्रवासाच्या नोंदीत. 'रिसीव्ड' नावाच्या ओळी खालून वर वाचायच्या असतात. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, म्हणून सगळ्यात खालची ओळ आपल्या सर्व्हरची. एप्रिलअखेरच्या मेलमध्ये त्या ओळीत होतं ३:३० आणि पुढे अधिक शून्य शून्य शून्य शून्य, म्हणजे यूटीसी. त्याच मेलच्या 'डेट' ओळीत, जी स्क्रिप्टने लिहिली होती, ९:०० आणि पुढे अधिक ०५३०, म्हणजे भारतीय वेळ. क्षण एकच, घड्याळं दोन. मेमधल्या पहाटेच्या मेलमध्ये दोन्ही ओळींत ३:३० आणि अधिक ०५३०. नंतर सिस्टिमच्या जर्नलमधून मशीन केव्हा केव्हा सुरू झालं याची यादी काढली तेव्हा त्या रात्रीची नोंद समोर आली आणि साखळी पुरी झाली.

वेळेच्या कुठल्याही भांडणात हेडरमधला तो शेवटचा चार आकडी भाग पाहिल्याशिवाय मत देऊ नये.

जे उपाय नाकारले

पहिला सल्ला सोपा होता: ओळीत ९ लिहा, क्रॉन पुन्हा सुरू करा, संपलं. घड्याळाचा प्रश्न त्याने सुटतो. पण वीज सकाळी पावणेनऊ ते दहा गेली तर काय? साधा क्रॉन हुकलेली वेळ भरून काढत नाही. त्या दिवसाची आठवण कुणालाच जाणार नाही आणि कुणाला कळणारही नाही.

दुसरा सल्ला: क्रॉनटॅबच्या वर 'क्रॉन टीझेड' ही ओळ घाला म्हणजे टाइमझोन पक्का. रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यातल्या क्रॉनमध्ये हे चालतं. डेबियनच्या क्रॉनमध्ये ती ओळ नुसता एक पर्यावरण चल, म्हणजे चालणाऱ्या कामाला पुरवलेली एक सेटिंग, ठरते, वेळेवर तिचा काहीही परिणाम होत नाही, आणि चूक झाली असा संदेशही येत नाही. लिनक्सच्या एका वितरणावरचा (प्रकारावरचा) तोडगा दुसऱ्यावर उचलताना इथे हमखास फसगत होते.

तिसरा सल्ला ऐकायला आकर्षक होता. मेल आदल्या रात्रीच तयार करून पोस्टफिक्सच्या थांबवलेल्या रांगेत ठेवायचे आणि सकाळी नऊला सोडायचे. 'अमुक वेळेनंतर सोडा' असं मेलसोबतच सांगण्याची एक प्रमाणित पद्धत २००७ मध्ये आरएफसी ४८६५ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात आलीही आहे, पण पोस्टफिक्स ती पुरवत नाही, म्हणून हा हाताचा मार्ग. आम्ही तो नाकारला. मेल जितका आधी लिहून ठेवाल तितका तो शिळा. संध्याकाळी सातला मोबाइलवरून पैसे भरणाऱ्याला सकाळी पुन्हा आठवण जाणार. मजकूर शक्य तितका उशिरा, पाठवण्याच्या क्षणी खातं पाहून तयार व्हावा, याबाबत माझं मत ठाम आहे.

सिस्टिमडी या लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या टायमरचा विचार गांभीर्याने झाला. त्याच्या वेळेच्या ओळीतच 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं. 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं तर मशीन बंद असताना हुकलेलं काम ते चालू होताच होतं, आणि पुढची वेळ नेमकी कोणती हे एका आज्ञेने आधीच तपासता येतं. शाखांच्या संध्याकाळच्या गोषवाऱ्यासाठी तोच घेतला. पण किस्तीसाठी नुसता 'पर्सिस्टंट' धोक्याचा आहे: हुकलेलं काम मशीन चालू होताच होतं, मग तेव्हा रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ज्या प्रसंगातून बाहेर पडायचं तोच पुन्हा उभा राहणार.

जे केलं

वेळ ठरवण्याचं काम क्रॉनकडून काढून घेतलं. क्रॉनमध्ये आता एवढीच ओळ आहे की दर १५ मिनिटांनी स्क्रिप्टला उठव. साडेपाच तासांचा फरक पंधरा मिनिटांच्या पटीत बसतो, त्यामुळे क्रॉन कुठल्याही टाइमझोनमध्ये असला तरी ही ओळ त्याच क्षणांना चालते. आधीची फेरी संपली नसेल तर नवी सुरू होऊ नये म्हणून 'एफलॉक'चं कुलूप लावलं.

स्क्रिप्ट उठली की भारतीय वेळ स्वतः काढते, टाइमझोनचं नाव तिच्या आतच लिहिलेलं आहे. पायथन ३.९ पासून त्यासाठी 'झोनइन्फो' सोबतच मिळतं. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या आत नसेल तर ती एकही मेल न पाठवता थांबते. ही वेळ सचिव साहेबांनी निवडली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांना सांगितलं होतं की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते, आणि इथे थकबाकीही नव्हती, साधी आठवण होती. तरी ते म्हणाले, "बँकेच्या माणसाला जी मर्यादा आहे, ती आपल्या मशीनला का नसावी?" मला ते मनापासून पटलं.

सगळ्यात महत्त्वाचा बदल डेटाबेसमध्ये झाला. पाठवणीचं एक टेबल केलं: खाते क्रमांक, किस्तीची तारीख, मेलचा प्रकार. या तिघांची जोडी एकदाच येऊ शकते, असं बंधन डेटाबेसवरच घातलं. स्क्रिप्ट विचारते: आज कुणाला आठवण जायला हवी, त्यातल्या कुणाची नोंद अजून नाही, आणि त्यांनी पैसे भरलेले नाहीत ना? उरलेल्यांना पाठवते आणि नोंद करते. हाताने कितीही वेळा चालवा, झालेलं काम दुसऱ्यांदा होत नाही. वीज गेली तर पुढच्या फेरीत उरलेलं काम उचललं जातं.

यातही एक बारीक फट राहते आणि ती लपवून उपयोग नाही. पोस्टफिक्सने मेल घेतला आणि नोंद लिहिण्याआधी मशीन पडलं, तर तो एक मेल दोनदा जाईल. उलट क्रम ठेवला, आधी नोंद मग मेल, तर एखादा मेल कधीच जाणार नाही. दोन्ही एकदम टाळता येत नाहीत, निवड करावी लागते. मुदत ठेवीची सूचना न मिळाल्याने एखाद्याचं व्याजाचं नुकसान होऊ शकतं. दोनदा मिळाल्याने फार तर कपाळाला आठी. म्हणून आधी मेल, मग नोंद. प्रत्येक मेलची 'मेसेज आयडी', म्हणजे त्या मेलची ओळखखूण, खाते क्रमांक उघड न करता त्याच तीन गोष्टींवरून तयार होते, म्हणजे पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये शोधताना कुठला मेल कुठल्या नोंदीचा हे लगेच जुळवता येतं.

'सेंडमेल' आज्ञा यशस्वी झाली याचा अर्थ मेल रांगेत गेला, एवढाच. लॉगमध्ये 'सेंट' दिसलं म्हणजे समोरच्या सर्व्हरने तो ताब्यात घेतला. तो इनबॉक्समध्ये पडला की स्पॅममध्ये, हे लॉग सांगू शकत नाही. ताईंच्या सारांशात आता या पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात: किती तयार झाले, किती समोरच्याने घेतले, किती रांगेत अडकले, किती परत आले. आणि 'आज एकही नाही' असा दिवस असेल तर तसाही मेल येतो, म्हणजे सारांशच आला नाही तर काहीतरी अडलंय हे त्यांना नक्की कळतं.

रांगेच्या मुदतीचा प्रश्न पोस्टफिक्समध्ये जरा आडवळणाने सुटतो. मेल रांगेत कमाल किती काळ ठेवायचा ही सेटिंग संपूर्ण पोस्टफिक्सला एकच असते, एका प्रकारच्या मेलला वेगळी देता येत नाही. म्हणून 'पोस्टमल्टी'ने त्याच मशीनवर दुसरा पोस्टफिक्स उभा केला, खास आठवणींसाठी, १ दिवसाच्या मुदतीचा. कार्यालयाचा रोजचा पत्रव्यवहार जुन्याच पोस्टफिक्समधून पाच दिवसांच्या मुदतीने चालतो. नव्यात जीमेलसाठी वेगळा मार्ग ठेवला आणि दोन मेलमध्ये १ सेकंदाचं अंतर दिलं. तासाला जास्तीत जास्त ३६०० मेल होतात, संस्थेला पुरेसे आहेत, आणि पुन्हा लाट आल्यासारखं जीमेलला वाटत नाही.

जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरोखर त्याच नावाच्या पाठवणाऱ्याचा आहे हे पटवणाऱ्या सोयी, तिन्ही लागतात. इतरांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, आणि आयपीवरून नाव व नावावरून आयपी दोन्ही बाजूंनी जुळायला हवं. संस्था ५,००० च्या जवळपासही नाही. तरी तिन्ही लावून घेतलं, कारण पतसंस्थेच्या नावाने दुसऱ्या कुणी किस्त मागणारा खोटा मेल पाठवला तर तो अडवण्याचं साधन हेच आहे. यावर खर्च होतो तो फक्त एका दुपारचा.

जाता जाता क्रॉनमधल्या आणखी दोन गोष्टी दुरुस्त झाल्या. क्रॉनचं पर्यावरण आपल्या लॉगिनसारखं नसतं, भाषेची सेटिंगही तिथे वेगळी असू शकते. हाताने चालवल्यावर मेलचा मराठी विषय नीट दिसायचा, क्रॉनमधून मात्र कधी कधी प्रश्नचिन्हं. स्क्रिप्टमध्येच यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत पक्की केली, आणि विषय सांकेतिक रूपात बदलायचं काम हाताने लिहिलेल्या कोडकडून काढून पायथनच्या ईमेल लायब्ररीकडे दिलं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि सांकेतिक तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते. हाताने तुकडे पाडताना चिन्ह मधोमध तुटलं की विषयात कचरा दिसतो. दुसरी गोष्ट टक्केवारीच्या चिन्हाची: क्रॉनटॅबमध्ये ते नवी ओळ समजलं जातं, त्यामुळे महिनाअखेर ओळखणारी तारखेची आज्ञा अर्ध्यात तुटत होती. ती तपासणीही स्क्रिप्टमध्ये गेली.

वार्षिक सभेची नोटीस वेगळी ठेवली. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, नोटीस वर्षातून एकदाच जाते, तिच्यासाठी 'ॲट' ही आज्ञा पुरते. 'ॲट' दिलेली वेळ तेव्हाच एका निश्चित क्षणात बदलून ठेवतो, त्यामुळे नंतर टाइमझोन बदलला तरी तो क्षण हलत नाही. मात्र मशीन बंद असताना वेळ उलटली तर चालू होताच तो काम उरकतो. म्हणून त्याच्या स्क्रिप्टलाही ८ ते ७ ची चौकट घातली, आणि चौकटीबाहेर उठल्यास पुढच्या सकाळची वेळ ती स्वतःच पुन्हा लावून घेते.

तपासणी

कार्यालय बंद असलेल्या एका रविवारी, कर्मचाऱ्यांचेच पत्ते असलेल्या यादीवर, मुद्दाम त्रास देऊन पाहिला. सकाळी आठच्या आधीच मशीनची वीज काढली, दहाला दिली: त्यानंतरच्या पहिल्या फेरीत आठवणी गेल्या. मेल जात असताना मधेच वीज काढली: परत आल्यावर उरलेले गेले, एकही दुबार झाला नाही. संध्याकाळी सव्वासातला मशीन सुरू केलं: स्क्रिप्टने एकही मेल न पाठवता 'वेळेबाहेर' अशी नोंद टाकली. शेवटी टाइमझोन पुन्हा यूटीसी करून मशीन रीबूट केलं. किस्तीच्या मेलची वेळ हलली नाही, आणि शाखांचा गोषवाराही ठरल्या वेळी आला. ताई ते पाहायला सुटीच्या दिवशी स्वतः आल्या होत्या, आणि स्क्रिप्ट हाताने चालवायची आज्ञा त्यांनीच पुन्हा पुन्हा देऊन पाहिली.

परत येणाऱ्या मेलचं काम अजून बाकी आहे. बंद पडलेले पत्ते, चुकीची अक्षरं, अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःचाच टाकलेला पत्ता, असे बरेच निघाले. ५ ने सुरू होणारा नकार आलेला पत्ता आता पाठवणीतून बाहेर पडतो आणि त्याची यादी दर सोमवारी खिडकीवर जाते. तो सभासद आला की पासबुक देताना पत्ता विचारून घेतात, आणि ज्यांना मेल नकोच आहे त्यांच्यासाठी आधीसारखं छापील पत्र निघतं.